दादाला दिलेला अर्धा गुण

तिचं काम दात बसवायचं. माणसांच्या तोंडात नव्हे, ते डॉक्टर बघतात. ही बसवायची मेणात. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे, त्यांत ती प्लॅस्टर ओतायची, मेणाच्या हिरड्या करायची आणि चिमट्याने एकेक दात उचलून रांगेत लावायची. वरचा दात खालच्यावर कुठे टेकतो हे केसभर जरी चुकलं, तरी घालणारा माणूस जेवताना शिव्या मोजतो. तीस वर्षं हे काम करून तिची नजर अशी झाली होती, की कोणी हसलं की तिला आधी त्याच्या दातांचा चावा दिसायचा, मग हसू.

बाजारात तिला कवळीबाई म्हणत. घरात ती बारकी. पन्नाशी उलटली, डोक्यावर पांढरं आलं, तरी बारकीच, कारण तिच्या वर दादा होता.

दादा म्हणजे घरातला हिरा. तो दहा वर्षांचा असताना बाबांनी ठरवून टाकलं, की हा बुद्धिबळात नाव काढणार. बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढत. घरी आले की हातपाय धुवायच्या आधी पट मांडायचे. दादाच्या समोर रोज कोणीतरी बसायला हवं म्हणून सात वर्षांच्या बारकीला बसवलं. मोहरे कसे चालतात एवढंच तिला सांगितलं होतं. सहा महिन्यांत ती दादाला हरवायला लागली.

एका स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिने त्याला लागोपाठ तीन डाव हरवलं. दादाने पट उधळला, जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत मार खाऊन परत आला. त्या संध्याकाळी बाबांनी बारकीला स्वयंपाकघरात बोलावलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडला.

“यापुढे तू हरायचंस,” ते म्हणाले.

“कधी?”

“रोज. आणि त्याला कळता कामा नये. कळलं तर माझ्याशी गाठ आहे.”

पहिल्या दिवशी तिने वजीर सरळ त्याच्या तोंडात नेऊन ठेवला. दादा झोपल्यावर बाबांनी तिच्या कानाखाली वाजवली. “आंधळ्यालाही कळेल असं हरलीस!”

मग ती शिकली. चांगलं हरायचं तर जिंकण्यापेक्षा जास्त डोकं लागतं. समोरच्याच्या मनात काय आहे ते त्याच्या आधी ओळखावं लागतं, त्याचा बेत कच्चा असेल तर गुपचूप पक्का करून द्यावा लागतो, आणि वर आपण जीव तोडून लढतोय असं तोंड करावं लागतं. सात वर्षं तिने दादाचे बेत त्याच्यासाठी पुरे केले. सतराव्या वर्षी दादा कुमार गटात पहिला आला, पेपरात फोटो आला. तो फोटो बाबांनी चौकटीत बसवला. त्यानंतर मात्र समोर बसणारे दुसऱ्यांच्या घरचे होते, आणि त्यांना हरायला कोणी सांगितलेलं नव्हतं. दादाची गाडी तिथेच अडली. विम्याच्या कचेरीत नोकरी केली, ती लवकर सोडली, आणि मग घरच्या पुढच्या खोलीत मुलांना बुद्धिबळ शिकवायला लागला. मुलं टिकत नसत. चुकलेल्या पोराला तो सगळ्यांदेखत विचारायचा, “तुझ्या घरी सगळेच असे आहेत, की तूच?”

बारकी लग्न न करता राहिली. दातांच्या प्रयोगशाळेमागच्या दोन खोल्यांत तिचा संसार. संध्याकाळी हातावरचं प्लॅस्टर खरवडून झालं, की ती फोनवर खेळायची, कुठल्या कुठल्या परक्या माणसांशी, टोपणनावाने. बारा वर्षं चाललं होतं. हे घरात कोणाला माहीत नव्हतं. कोणी विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं.

वाचनालयाची कार्यवाह ती झाली ती दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. वरचा हॉल शनिवार-रविवारी रिकामा, खुर्च्यांवर धूळ. तिने समितीसमोर कल्पना मांडली: दोन दिवसांची खुली बुद्धिबळ स्पर्धा, शनिवारी तीन फेऱ्या, रविवारी दोन, वय कितीही चालेल. समितीने मान डोलावली आणि पाहुणा म्हणून दादाचंच नाव काढलं. “घरचाच माणूस आहे की तुमच्या,” अध्यक्ष म्हणाले.

दादाला सांगायला ती घरी गेली. तो खुर्चीत रेलून ऐकत होता. वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या. त्याने हात पुढे केला नाही म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या.

“पाहुणा म्हणून हार घालून बसू? मी काय फोटो आहे?” दादा म्हणाला. “खेळतो. कप घरीच येईल, तुमचा खर्चही वसूल.”

आतल्या पलंगावरून बाबा ओरडले, “मलाही न्यायचं!” बाबा आता चौऱ्याऐंशीचे होते. त्यांची कवळी बारकीनेच केली होती. ती नीट बसत नाही असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि तिनेच केलेल्या दातांनी चकल्या फोडत.

नियमांचा कागद तिने स्वतः टाइप केला. त्यात एक कलम होतं: दोघांचे गुण सारखे झाले, तर आपसातला डाव ज्याने जिंकला तो वरचा. पंच म्हणून ग्रंथपाल बसले. स्वभावाने मऊ, पण घड्याळाच्या बाबतीत कडक. शनिवारी सकाळी बावीस जण यायचे होते. नऊला पाच कमी असताना एका शिंप्याचा फोन आला, ताप भरलाय.

“एकवीस झाले. दर फेरीला एक जण बसून राहणार,” ग्रंथपाल म्हणाले.

“मी बसते समोर,” ती म्हणाली. “बक्षिसात मला धरू नका, नुसती जोडी पुरी करते.”

त्यांनी यादीत शेवटी लिहिलं: कार्यवाह, बक्षिसासाठी नाही.

उद्घाटनाला दादा बोलायला उभा राहिला. दोन मिनिटं सांगितली होती, वीस घेतली. मग त्याला बहीण दिसली. “आणि ही आमची बारकी आज खेळणार आहे म्हणे! लहानपणी हिला मी रोज हरवायचो. सात वर्षं! एकदाही जिंकली नाही बिचारी. पण चिकाटी बघा, रोज येऊन बसायची मार खायला!” हॉल हसला. बाबा पहिल्या रांगेत होते. तेही हसले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी नजर चुकवली नाही, हे तिला जास्त लागलं. ते विसरले होते की काय, की विसरण्यासारखंच होतं ते त्यांच्या लेखी?

पहिल्या फेरीत तिने एका कॉलेजच्या पोराला हरवलं, दुसरीत सुताराला, तिसरीत वाचनालयाच्या जुन्या सभासदाला, जो दहा वर्षं स्वतःला अजिंक्य समजत होता. प्रत्येक वेळी ग्रंथपाल निकाल लिहिताना चष्म्यावरून तिच्याकडे बघायचे.

दादाची दुसरी फेरी बसच्या ड्रायव्हरशी पडली. चाळिशीचा, जाड मनगटांचा माणूस. दोन दिवसांची पाळी बदलून आला होता, आणि त्यासाठी पुढचे दोन रविवार देऊन बसला होता. चांगला खेळत होता. एका जागी त्याने घोडा चुकीच्या घरात ठेवला. दादाने तो घोडा उचलला, बोटांत फिरवला आणि मोठ्याने म्हणाला, “स्टिअरिंग धर बाबा. घोडा तुझ्या हातातला नाही.” ड्रायव्हरने पुढची चाल केली. डाव हरल्यावर त्याने उठून हात मिळवला. दादाने बसल्याबसल्या दोन बोटं दिली.

तिसऱ्या फेरीत औषधाच्या दुकानातल्या बाईंनी दादाला बरोबरीत धरलं. उशी पाठीला नीट लावली नाही म्हणून त्याने वहिनींना भर हॉलमध्ये झापलं, वर “तुझ्यामुळे अर्धा गुण गेला” हेही ऐकवलं.

रविवारी सकाळची चौथी फेरी झाली तेव्हा तक्त्यावर असं दिसत होतं: कार्यवाह चार पैकी चार, दादा साडेतीन. तीन गुणांचे दोघंच, त्यांतला एक बसड्रायव्हर. शेवटच्या फेरीत ते दोघं समोरासमोर, आणि पहिल्या पटावर भाऊ-बहीण.

दादा येऊन बसला. “बारके, आज रडू नकोस हं,” तो म्हणाला आणि घड्याळ चालू केलं.

पांढरे मोहरे तिचे होते. पंधराव्या चालीला दादाने घोड्याचा बळी दिला. उभ्या लोकांकडे बघून भुवई उडवली. हा त्याचा लाडका बळी, बाराव्या वर्षापासूनचा. खरं तर तो बळी खोटा होता. त्याला एक साधं उत्तर होतं, राजा एक घर बाजूला. लहानपणी ते उत्तर तिला दिसायचं आणि ती मुद्दाम दुसरीकडे बघायची. शंभरदा तरी तिने तो बळी फळाला येऊ दिला असेल.

तिने घोडा मारला, आणि पुढच्या चालीला राजा एक घर बाजूला घेतला.

दादा तेरा मिनिटं बसून राहिला. मग त्याने तरीही हल्ला चढवला, आणि हल्ल्यात काही उरलं नाही. वजीर बदलले गेले. दहा चालींनी त्याचा शेवटचा हत्तीही गेला. तिथे कोणीही डाव सोडला असता. पण बाबांची शिकवण होती, की शेवटपर्यंत खेळायचं, समोरचा चुकतो. बाबा दोन हात अंतरावर खुर्चीत बसून बघत होते, त्यामुळे दादाला सोडताही येईना.

तो अडकला आहे हे तिच्या ध्यानात आलं. त्याला मात करायला तिला सहा-सात चाली पुरल्या असत्या. तिने त्या केल्या नाहीत. राजा सोडला तर त्याची पाच प्यादीच उरली होती. ती कडेकडून खायला लागली. एक खाल्लं, बाजूला ठेवलं, घड्याळ दाबलं. दुसरं खाल्लं, पहिल्याच्या शेजारी लावलं. ती ते दात लावायच्या सफाईने, एका रेषेत लावत होती. लोक बाकीचे पट सोडून जमा झाले. कोणीतरी फिसकन हसलं.

“काय करतेय ती?” बाबांनी वहिनींना विचारलं.

वहिनी पटाकडे बघत पुढे सरकल्या.

“मात कर की गं त्याला!” बाबा म्हणाले.

“बोलू नका,” ग्रंथपालांनी दटावलं.

चौथं प्यादं गेलं. दादाचे कान लाल झाले होते. त्याने ओठ न हलवता म्हटलं, “बारके, बास कर. सगळे बघतायत.”

“तुझी चाल आहे, दादा.”

तेवढ्यात शेजारच्या पटावरून ड्रायव्हर उठला. जिंकला होता. ग्रंथपालांनी तक्त्यावर त्याच्या नावापुढे चार लिहिले. तिने मान वर करून ते वाचलं आणि हिशोब लगेच तिच्या डोक्यात झाला, नियम तिनेच टाइप केले होते. दादा हरला तर त्याचे साडेतीन, ड्रायव्हर पहिला. बरोबरी झाली तर दोघांचे चार, आणि आपसातला डाव दादाने जिंकलेला. कप दादाला.

ड्रायव्हर हात मागे बांधून त्यांच्या पटाशी येऊन उभा राहिला. चेहऱ्यावरचं हसू त्याला आवरत नव्हतं. त्याचा वरचा एक सुळा तुटका होता.

तिने पाचवं प्यादं खाल्लं. मग स्वतःचं एक प्यादं पुढे नेऊन वजीर केला. दादाचा उघडा राजा पळत पळत कोपऱ्यात गेला. आता हत्ती आणि वजीर मिळून दोन चालींत मात होती. शाळकरी मुलालाही दिसावी अशी.

तिने वजीर उचलला आणि कोपऱ्यातल्या राजापासून घोड्याच्या उडीइतक्या अंतरावर ठेवला.

राजाला शह नव्हता. आणि हलायला एकही घर नव्हतं. शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगतात, वजीर तिथे ठेवू नकोस, जिंकलेला डाव बरोबरीत जातो.

ग्रंथपाल वाकून बघून गेले, पुन्हा येऊन बघितलं. “बरोबरी,” ते म्हणाले. “अर्धा-अर्धा.”

दादा पटाकडेच बघत होता. “मात होती,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“मग?”

“लहानपणी रोज द्यायचे, तसाच दिला. तेव्हा अख्खा द्यायचे, आज अर्धाच दिला.” तिचा आवाज अजिबात चढला नाही. “सात वर्षं, दादा. खोटं वाटत असेल तर बाबांना विचार.”

दादा हसला. मग वळला. “बाबा, ही काय म्हणतेय?”

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला लागले. “घरी चल.”

“मी विचारतोय काहीतरी.”

“तू लहान होतास रे,” बाबा म्हणाले. “हरलास की जेवायचा नाहीस.”

बक्षीस समारंभ दहा मिनिटांत उरकला. नियमाप्रमाणे दादाचं नाव पहिलं पुकारलं. तो उठेना. बाबांनीच त्याच्या कोपराला ढोसलं, “जा, घे.” कप कार्यवाहांनी द्यायचा असं पत्रिकेत छापलेलं होतं. तिने दिला. दादाने तो घेतला, खाली बघत, आणि एका हाताने धरून जिन्याकडे चालू लागला. बाबा मागे राहिले. त्यांना खाली उतरवायला शेवटी ड्रायव्हरनेच हात दिला. दुसऱ्या हातात त्याचं दुसऱ्या क्रमांकाचं प्रशस्तिपत्र होतं.

दोन आठवड्यांनी वहिनी प्रयोगशाळेत आल्या. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण त्या इथे पहिल्यांदाच आल्या होत्या. भट्टीच्या वासाने त्यांनी पदर नाकाला लावला.

“त्यांनी जुन्या वह्या काढल्यात,” वहिनी म्हणाल्या. “बाबा लिहून ठेवायचे ना तुमचे डाव, त्या. शिकवणी बंद केली. दिवसभर एकेक डाव मांडतात आणि शोधतात, तुम्ही कुठे सोडून दिलंत ते.”

“सापडतं का?”

“नाही म्हणतात.”

ती चिमट्यातला दात मेणात टेकवत होती. तिला आतून गोड गुदगुल्या झाल्या, आणि त्या तिने लपवल्या नाहीत. “नाहीच सापडणार,” ती म्हणाली.

“बाबांना समोर बसवून ठेवतात. हा डाव खरा की खोटा, हा खरा की खोटा? बाबा म्हणतात आठवत नाही, की ओरडतात त्यांच्यावर. काल ताट समोरून उचललं. आठवलं की जेवा म्हणाले.” वहिनींनी नाकावरचा पदर खाली घेतला. “तुम्ही या ना घरी एकदा. एखादा डाव खरा होता म्हणून सांगा. एक तरी. नसला तरी सांगा.”

“होते की खरे,” ती म्हणाली. “पहिल्या सहा महिन्यांतले. तो मला हरवायचा तेव्हा.”

“मग हेच सांगा!”

“ते डाव बाबांनी लिहिलेले नाहीत. मी सांगितलं तर तो पुरावा मागेल.” तिने दुसरा दात उचलला. “आणि खोटं मी लहानपणी खेळून घेतलं, वहिनी. माझा कोटा संपला.”

वहिनी दाराकडे वळल्या. निघताना म्हणाल्या, “मला वाटायचं, या घरात तुम्ही एकट्या वेगळ्या आहात.” आणि दार न लावता गेल्या.

तयार कवळ्या पोचवायला ती दर गुरुवारी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात जायची. त्या गुरुवारी बस त्या ड्रायव्हरची निघाली. शेवटच्या थांब्याला सगळे उतरले. तीही खोका सांभाळत उठली, तेव्हा त्याने इंजिन बंद केलं आणि आरशातून तिच्याकडे बघितलं.

“बाई, एक विचारू?”

“विचारा.”

“त्या दिवशी तुम्हाला मात दिसत होती ना?”

“गडबडीत राहून गेली,” असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. “दिसत होती,” ती म्हणाली.

“मलाही दिसत होती. बऱ्याच आधीपासून.” त्याने मान मागे वळवली. “मी त्यांचं बोलणं कधीच सोडून दिलं होतं, ते स्टिअरिंगचं. असतात माणसं तशी. आणि घरातलं तुमचं जे काय असेल ते असेल. पण तो वजीर ठेवताना मी तिथे उभा होतो, हे तुमच्या लक्षात होतं का?”

ती खांब धरून उभी राहिली. तक्त्यावरचे चार गुण तिने वाचले होते. त्याचं हसूही पाहिलं होतं. तुटक्या सुळ्याला कुठल्या रंगाचा दात जुळेल, हेसुद्धा त्या एका क्षणात तिच्या मनात येऊन गेलं होतं.

“होतं,” ती म्हणाली.

ड्रायव्हरने मान हलवली, जणू त्याला तेवढंच हवं होतं. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने पुढचं दार उघडलं.

“उतरा,” तो म्हणाला. “गाडी डेपोत न्यायचीय.”

ती उतरली. बस वळून निघून गेली. दवाखाना बंद व्हायला अजून अर्धा तास होता. ती खोका छातीशी धरून चालायला लागली.